पोचिंग म्हणजे नेमकं काय? अंडं, रानडुक्कर, आमदार आणि बाकीचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा काय?

इंग्रजी पेपर वाचणाऱ्याला हा शब्द पाककृतींच्या पानावर भेटतो, जंगलाच्या बातमीत भेटतो, कंपन्यांच्या भांडणात भेटतो, सरकार पडायच्या बेतात असलं की विधानसभेच्या बातमीत भेटतो आणि टेनिसच्या समालोचनातही. अंड्याचं पोचिंग जुन्या फ्रेंचमधल्या पिशवीच्या शब्दावरून आलं असं सांगतात, कारण पांढरा बलक पिवळ्याभोवती पिशवीसारखा जमतो. शिकारीच्या पोचिंगबद्दल कोशकारांचं एकमत नाही. कुणी त्याच पिशवीकडे बोट दाखवतं, चोरलेला ससा त्यात घालायचा म्हणून. कुणी ढोसणं, घुसणं या अर्थाच्या क्रियापदाकडे जातं. आपल्याकडच्या मनीऑर्डरच्या पोचपावतीशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही.

पोच्ड अंडं आणि हाफ फ्राय एकच ना?

नाही. हाफ फ्राय तेलात किंवा बटरवर होतं. पोच्ड अंडं कवच फोडून थेट गरम पाण्यात सोडतात, त्याला तेलाचा थेंबही लागत नाही. घोळ व्हायला कारण आहे. कोलकात्यात ‘पोच’ मागितलंत तर बहुतेक ठिकाणी तव्यावरचं अंडंच समोर येतं. पाण्यातलं हवं असेल तर तिथे ‘वॉटर पोच’ म्हणावं लागतं.

माझं अंडं पाण्यात सोडल्यावर चिंध्या होऊन पसरतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा अंडं शिळं असतं. जुन्या अंड्याचा पांढरा बलक पातळ होतो, आणि तो पातळ भागच पाण्यात तरंगत सुटतो. उपाय सोपा आहे: अंडं आधी बारीक गाळणीत फोडा, पातळ पाणी निथळू द्या, मग वाटीतून अलगद पाण्यात सोडा. पाणी खळखळ उकळतं नको. तळाशी बारीक बुडबुडे दिसतील इतपतच तापवा, म्हणजे साधारण ७० ते ८० अंश. चमचाभर व्हिनेगर घातलं तर पांढरा भाग लवकर धरतो. तीन-चार मिनिटांनी झाऱ्याने उचला. पाणी गरगर फिरवून भोवरा करायची युक्ती व्हिडिओत छान दिसते, पण चार माणसांचा नाश्ता करायचा असेल तर ती निरुपयोगी आहे, कारण एका वेळी एकच अंडं होतं.

पिवळा बलक कच्चट राहतो, म्हणून गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना पूर्ण शिजलेलं अंडंच द्यावं.

आपल्याकडे हा प्रकार नव्हता असं समजू नका. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा उकळला की आच मंद करून त्यात अंडी फोडून सोडायची आणि वर झाकण ठेवायचं, हे कितीतरी घरांत चालतं. तंत्र तेच आहे, फक्त पाण्याऐवजी रस्सा. आणि खरं सांगायचं तर चव कितीतरी उजवी.

आता जंगलाकडे. भारतात कायदेशीर शिकार कोणती आणि बेकायदेशीर कोणती?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारला तर अर्थ आहे, कारण तिथे शिकारीचे हंगाम आणि हक्क असतात आणि ते मोडणारा पोचर ठरतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने सूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राण्यांची शिकारच बंद केली. हौसेखातर करायची परवानाधारक शिकार हा प्रकार उरला नाही. ‘अवैध शिकार’ असं आपण लिहितो, पण इथे वैध शिकारीला जागा अगदी चिंचोळी आहे: माणसाच्या जिवाला धोका झालेला किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असलेला प्राणी, आणि पिकांचं नुकसान करणारे काही प्राणी, तेही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने.

कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकारे घालून उठवणं, आमिष ठेवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकार आहे. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणं किंवा फोडणं हीसुद्धा शिकारच. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी उकरून अंडी नेणं पूर्वी सर्रास चालायचं. २००२पासून वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज त्याच गावात लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुक्काम करतात.

राजे-महाराजे वाघ मारायचे तेव्हा तो गुन्हा नव्हता का?

नव्हता. उलट गुन्हेगार ठरायचा तो त्यांच्या राखीव जंगलात ससा धरणारा गरीब. ही रीत जगभर जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७२३च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तोंडाला काळं फासून सरदारांच्या हरणांच्या कुरणात हत्यारानिशी घुसणाऱ्याला फाशी ठेवली होती, आणि तो कायदा बराचसा रद्द व्हायला १८२३ उजाडलं. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायचे आणि त्या चित्त्यांना शिकवणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. दाजीपूरचं जंगल हे संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली तेच गव्यांसाठी अभयारण्य झालं, आजचं राधानगरी. राखलेलं रान टिकलं हे खरं, पण कुणासाठी राखलं हे विसरू नये.

भारतातला चित्ता संपला तोही चोरट्या शिकाऱ्यांमुळे नव्हे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या (आजच्या छत्तीसगडमधल्या) राजाने शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते मारले आणि त्यात कायद्याचा कुठलाच भंग नव्हता. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

महाराष्ट्रात आज शिकार होते ती कशी? बंदुकीनेच ना?

ठासणीच्या बंदुका आहेत, कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुकाही आहेत, आणि रात्री जोरदार बत्ती मारून ससे, भेकरं टिपणारेही आहेत. पण सगळ्यात घातक दोन गोष्टी अगदी साध्या आहेत.

पहिली म्हणजे फासकी. मोटारसायकलच्या क्लच वायरचा सरकफास करून रानडुकराच्या वाटेवर, कुंपणाच्या फटीत बांधतात. लावणाऱ्याच्या मनात डुक्कर असतं, पण फासकीला कुणाची ओळख नसते. बिबट्या कमरेत अडकतो, सुटायच्या धडपडीत तार आत रुतते आणि आतले अवयव फाटतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या स्थानिक बातम्यांत ‘फासकीत अडकून बिबट्याचा मृत्यू’ हा मथळा इतक्यांदा येतो की तो वाचून आता कुणी थांबतही नाही.

दुसरी म्हणजे करंट. विदर्भात शेताभोवती किंवा जंगलाच्या पाऊलवाटेवर उघडी तार ताणायची आणि वरून जाणाऱ्या वाहिनीवर आकडा टाकून वीज सोडायची. यात डुक्कर मरतं, रोही (नीलगाय) मरतो, वाघ मरतो, आणि पहाटे शेताकडे निघालेला शेजारीही मरतो. माणूस दगावला तर प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जातं, वीजचोरीचा गुन्हा वेगळाच. वाघ मेल्यावर घाबरून तो पुरून टाकल्याची, नखं-दात काढून घेतल्याची प्रकरणं याच प्रकारातून निघतात. म्हणजे सुरुवातीला वाघाचा काही विषयच नसतो.

याखेरीज वाघूर (जाळं) लावून हाकारे घालणं, आमिषात गावठी बॉम्ब ठेवून डुकराचा जबडा उडवणं, पाणवठ्यात विष घालणं हेही आहेच. वाघासाठी ठरवून येणाऱ्या टोळ्या वेगळ्या. त्या लोखंडी जबड्याचे सापळे वापरतात, आठवडेच्या आठवडे जंगलाच्या कडेला डेरा टाकून राहतात आणि त्यांचा माल राज्याबाहेर, देशाबाहेर जातो. राजस्थानातल्या सरिस्कामधले सगळे वाघ संपल्याचं २००५ साली उघड झालं ते अशाच टोळ्यांमुळे. त्या धक्क्यातून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभे राहिले.

शिकारी म्हणजे पारधीच असणार, हे खरं का?

हा प्रश्न वारंवार येतो आणि दर वेळी चीड आणतो. फासेपारध्यांचा परंपरेने आलेला धंदा फासे लावून तितर-लावे धरण्याचा होता, हे खरं. त्यावरून अख्ख्या जमातीवर शिक्का मारणं हे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं उष्टं आहे. त्या कायद्याखाली माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलीस ठाण्यातली सवय सुटली नाही. काही टोळ्यांतले आरोपी भटक्या जमातींतले निघतात. फासकी लावणारा शेतकरी, गाडी काढून रात्री बत्ती मारणारा शहरी हौशी, माल उचलणारा व्यापारी हे मात्र सगळ्या जातींतले असतात आणि त्यांच्या जातीची चर्चा होत नाही.

शिक्षा किती होते?

वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, सहाच्या चार सूची झाल्या. पहिल्या सूचीत वाघ, बिबट्या, खवले मांजर वगैरे सर्वाधिक संरक्षणाचे प्राणी आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. दुसऱ्या सूचीतल्या प्राण्यांसाठी, ज्यात रानडुक्करही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कागदावर हे पुरेसं आहे. अडतं ते पुराव्याशी. पंचनामा धड नसतो, नमुना वेळेत पोचत नाही, साक्षीदार उलटतात. एक तरतूद मात्र तपासाला बळ देते: सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने चौकशीत आरोपीसमोर नोंदवलेला जबाब पुढे न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो.

गावी गेल्यावर कुणी रानडुकराचं मटण आणून दिलं. खाल्लं तर मी दोषी कसा?

मटण ताब्यात असलं की ते बेकायदा आहे असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. ‘मला काय माहीत कशाचं होतं’ हेही फारसं चालत नाही, कारण हैदराबादच्या किंवा डेहराडूनच्या प्रयोगशाळेत डीएनएवरून प्राणी ओळखतात, शिजलेल्या मटणातूनही बऱ्याचदा. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट मागणीची आहे. ढाब्यावर ‘जंगली’ आहे का म्हणून हळूच विचारणारं गिऱ्हाईक नसेल तर क्लच वायर बाजारातून आणायचे कष्ट कुणी घेणार नाही.

डुकरं आणि रोही उभं पीक संपवतात. शेतकऱ्याने बघत बसायचं का?

नाही, आणि शेतकऱ्याचा राग खोटाही नाही. एका रात्रीत भुईमूग उकरून टाकलेला ज्याने पाहिलाय त्याला संवर्धनाची व्याख्यानं देऊ नयेत. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागता येते, त्यासाठी लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत महाराष्ट्रात वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून मारण्याची परवानगीही मागता येते. भरपाईची रक्कम आणि वेग यांवर शेतकरी नाराज आहेत, आणि ती नाराजी रास्त आहे. सौर कुंपणाचा हलका झटका चालतो. आकड्याची तार चालत नाही.

अंगावर आलेला प्राणी मारला तर?

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी खरोखर मारावं लागलं तर तो गुन्हा नाही. अट एवढीच की त्या वेळी तुम्हीच कायदा मोडत नसावं. फास तपासायला गेलेल्यावर अस्वल चालून आलं तर हा बचाव मिळत नाही. मेलेला प्राणी सरकारच्या मालकीचा, त्याची नखं ठेवून घ्यायची नाहीत.

आजोबांच्या काळातलं सोन्यात मढवलेलं वाघनख घरात आहे. देवघरात मृगाजिनही आहे. काय करावं?

आधी ते खरं आहे का बघा. बाजारातली पुष्कळ वाघनखं गुराढोरांच्या शिंगाची किंवा हाडाची असतात. खरं असेल तर मालकीचं प्रमाणपत्र शोधा. २००३ साली केंद्र सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, ती गेली. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने येऊ शकते, पण मिळाल्यावर ९० दिवसांत कळवावं लागतं आणि ती विकता येत नाही. नको असेल तर शासनाकडे जमा करता येते, मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर वकिलाला विचारून वनविभागाकडे जा. समाजमाध्यमावर ‘खानदानी’ म्हणून फोटो टाकण्याची घाई नको.

(२०२४मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखं पोलादाची आहेत. त्यांना हा कायदा लागत नाही, हेही विचारून झालंय लोकांचं.)

मांडूळ, हत्ताजोडी, व्हेलची उलटी यांचं काय?

तिन्ही लोभाच्या गोष्टी. मांडुळाने गुप्तधन सापडतं किंवा पैशांचा पाऊस पडतो ही निव्वळ थाप आहे. सापाला दुसरं तोंड नसतं, शेपूट बोथट असते इतकंच. हत्ताजोडी ‘दुर्मीळ मुळी’ म्हणून ऑनलाइन विकली जायची, ती प्रत्यक्षात नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय निघाली. पूजेत काय मांडलंय हे कळल्यावर कित्येकांना धक्का बसला असणार. व्हेलची उलटी किनाऱ्यावर आपसूक लागली तरी स्पर्म व्हेल संरक्षित असल्यामुळे तिची विक्री हा गुन्हा. सापडली तर वनविभागाला कळवायचं.

जप्त केलेली गेंड्याची शिंगं विकून संवर्धनाला पैसा का उभा करत नाहीत?

कायदेशीर माल बाजारात आला की चोरीचा माल त्याच्यात मिसळून धुऊन निघतो. शिंग हे आपल्या नखांसारख्याच केराटिनचं असतं, औषधी गुणाचा विषयच नाही. आसाम सरकारने २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखात इथे साठवलेली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. त्याच राज्यात २०२२ साली एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. याचं श्रेय मुख्यतः गस्तीला, पण सरकार स्वतः हा माल विकणार नाही हे बाजाराला कळणंही गरजेचं होतं.

फासकी किंवा सापळा दिसला तर काय करायचं?

जागेचा फोटो, मोबाइलवरचं ठिकाण, आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. तार स्वतः ओढून काढू नका, तो पुरावा आहे आणि तिच्यात वीज असू शकते. प्राणी जिवंत अडकला असेल तर लांब राहा, गर्दी जमवू नका. जखमी बिबट्याला गर्दीने जितकं मारलंय तितकं तारेनेही नसेल. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिकाण टाकू नका, लावणाराही त्याच ग्रुपवर असतो.

आमदारांचं पोचिंग म्हणजे फोडाफोडीच ना?

तीच. मराठीत आमदार फोडतात, आणि भाव ठरू लागला की घोडेबाजार म्हणतात. १९८५ साली राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालायचं, ती सवलत २००३मध्ये काढली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. म्हणजे किरकोळ फोडणं अवघड झालं, घाऊक फोडणं राहिलं. जून २०२२मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हा आपण ते पाहिलं, आणि आपापल्या पक्षाप्रमाणे कुणी त्याला फोडणं म्हटलं, कुणी उठाव. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेलंगणात मोईनाबादच्या फार्महाऊसवर आमदार फोडायच्या प्रयत्नाच्या आरोपाचं प्रकरण गाजलं, त्याला मात्र इंग्रजी पेपरांनी सरळ ‘पोचिंग’ म्हटलं.

दुसऱ्या कंपनीने आमचा माणूस पळवला. दावा लावता येतो का?

फार थोड्या वेळा. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७नुसार धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ हे कलम पत्रात छापलेलं असलं तरी न्यायालयात सहसा टिकत नाही. कराराची मुदत चालू असताना मात्र गोष्ट वेगळी. १९६७चा गोलिकरी खटला इथे नेहमी सांगतात: कल्याणच्या कारखान्यातल्या एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या स्पर्धक कंपनीत जास्त पगारावर नोकरी धरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत तसलं काम करायला त्याला मनाई कायम ठेवली. गुपितं, ग्राहकांच्या याद्या नेल्या तर तो स्वतंत्र वाद.

‘एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत’ असं कंपन्यांनीच आपसात ठरवलं तर नुकसान नोकरदाराचं. अमेरिकेत ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी यांच्यावर याच कारणासाठी खटला झाला आणि २०१५मध्ये ४१.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुण्या-बंगळुरूत आयटीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पळवापळवीची तक्रार मालक करतो, पगार तिच्यामुळेच वाढतो.

खेळातलं पोचिंग फसवणूक असते का?

मुळीच नाही. टेनिसच्या दुहेरीत जाळ्याजवळचा खेळाडू जोडीदाराकडे निघालेला चेंडू आडवा धावून मारतो, त्याला पोचिंग म्हणतात. लिएंडर पेस यात वाकबगार होता. १९९९ साली त्याने आणि महेश भूपतीने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकली, त्या सामन्यांत त्याचं जाळ्यावरचं झेपावणं बघण्यासारखं होतं. चुकलं तर मागची अर्धी बाजू मोकळी पडते आणि जोडीदाराच्या शिव्या खाव्या लागतात. फुटबॉलमध्ये गोलजवळ दबा धरून सुटा चेंडू आत ढकलणाऱ्याला पोचर म्हणतात. जर्मनीचा गर्ड म्युलर तसा, इटलीचा इन्झागी तसा.

शेतीतही हा शब्द वाचला. तो काय?

ब्रिटन-आयर्लंडकडे ओल्या कुरणात गुरं सोडली की खुरांनी गवत तुडवून चिखल होतो, त्यालाही पोचिंग म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात गोठ्याच्या तोंडाशी होतो तो रेंदा. उपायही तोच, जनावरं काही दिवस तिथून हलवायची.